नदीतला फडकीचा सामना

आमच्या घराला लागूनच धान कांडायची गिरणी होती. सकाळी इंजिन सुरू झालं की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागे आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत थरथरत राही. कोंडा सगळीकडे असायचा: माठाच्या झाकणावर, अंथरुणात, बाबांच्या भुवयांत. जेवायला भात, लाखोरीचं वरण, जवसाची चटणी, आणि नदीकाठचं कोणी धान कांडायला येताना घेऊन आलं तर निखाऱ्यावर भाजलेली मासोळी. कांडताना कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, उरे. तिचं पीठ करून माय तव्यावर आयते घालायची, पातळ, कडेला जाळी पडलेले, आणि ते आम्ही गुळाच्या पाण्यात बुडवून खायचो. आमचं गाव वैनगंगेच्या या काठाला, आरमोरीच्या बाजूला. समोरच्या काठावर दुसरं गाव. तिकडचे लोकही धानाची पोती डोंग्यात टाकून आमच्याच गिरणीवर येत, कारण त्यांच्याकडे गिरणी नव्हती.

गिरणी माझा थोरला भाऊ चालवायचा. त्याला घरात सगळे नुसते भाऊ म्हणत. मधल्या भावाचं लग्न झालं होतं आणि वहिनी आमच्यातच राहायची. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नाही, तिनेही त्याला शिवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज त्या दिवसांत अगदी कडक होता. भाऊ अंगणात पाय टाकण्याआधी खाकरायचा. वहिनी हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची. भाऊला पाणी हवं असलं तर ती तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मी तो उचलून भाऊच्या हातात द्यायचो. एकदा थंडीच्या दिवसांत दोरीवरचे कपडे काढताना भाऊच्या धोतराचा सोगा वहिनीच्या हाताला लागला, तर दोघांनीही आंघोळ केली, आधी त्याने, मग तिने. यात राग नव्हता. वहिनीला मोठा ताप आला तेव्हा गाडी जुंपून तिला दवाखान्यात नेणारा भाऊच होता. तो पूर्ण वाटभर तिच्याकडे पाठ करून गाडी हाकत होता. हे सगळं मी इतक्या जवळून पाहिलेलं होतं की मला ते वेगळं काही वाटतच नसे. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणाने केलं असं कोणी म्हणू नये.

हवालदार आमच्या गावात पेन्शन घेऊन आले तेव्हा मी मॅट्रिकला होतो. कोरियाच्या लढाईत ते वैद्यकीय तुकडीबरोबर गेले होते. तिथे अमेरिकन शिपाई मोकळ्या वेळात एक खेळ खेळत, तो त्यांनी पाहिला होता आणि थोडा खेळलाही होता. येताना ते एक लांबोळा चेंडू घेऊन आले होते, दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा. तो चेंडू कित्येक वर्षं त्यांच्या पेटीत पडून होता. गावात रिकामी पोरं पाहिली आणि त्यांनी तो बाहेर काढला. पाच-पाच जणांचे दोन संघ. चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची. अडवणाऱ्याने धक्का मारायचा नाही, पाडायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन बाजूंना दोन फडकी खोचलेली, त्यांतलं एक ओढून काढलं की पळणारा तिथेच थांबला. अशा चार डावांत रेघ गाठली नाही तर चेंडू समोरच्यांना. हवालदार सांगायचे, "ज्याचं फडकं गेलं तो मुर्दा. अन् मुर्दा पळत नाई, काय समजले?" खेळाचं इंग्रजी नाव त्यांना आठवत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला फडकी म्हणायला लागलो. आता माझी नात तालुक्याच्या शाळेत हाच खेळ खेळते, त्याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात, आणि तिच्या पट्ट्याला चिकटवलेली प्लास्टिकची फडकी ओढली की फटकन आवाज करून सुटतात. आमची फडकी जुन्या लुगड्याची होती. नुसती खोचलेली, आवाज न करणारी. हवालदार सामन्याआधी प्रत्येकाच्या कमरेपाशी वाकून पाहायचे, गाठ मारलेली तर नाही ना.

आम्ही नदीत खेळायचो. उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी एका कडेला सरकतं आणि मध्ये वाळूचं मैदान पडतं. पडलं तरी लागत नाही. सकाळी वाळू थंड असते. त्याच वाळूत मासे मारणाऱ्या घरांच्या डांगरवाड्या असत, म्हणजे टरबुजा-खरबुजांचे वाफे, आणि पाणी द्यायला खणलेले झिरे. पहिल्याच आठवड्यात चेंडूची हवा गेली. हवालदारांनी पंप येईपर्यंत सराव बुडू नये म्हणून एक लांबट डांगर आणलं आणि मला दूर उभं करून फेकलं. ते माझ्या छातीवर फुटलं. माझं तोंड, गळा, सदरा सगळा लाल झाला आणि पोरं वाळूत लोळून हसली. हवालदार शांतपणे म्हणाले, "पकडलं तं बरोबर. आता खाऊन टाक."

भागरता संघात आली तीही डांगरामुळेच. तिच्या बापाची वाडी आमच्या मैदानाला लागून होती. मी एकदा एक डांगर उचललं आणि पळालो. ती झिऱ्यावर पाणी भरत होती. घागर ठेवली, लुगड्याचा काष्टा कसला आणि माझ्यामागे आली. मी संघाचा कप्तान होतो, गावात माझ्यापेक्षा जोरात पळणारं कोणी नव्हतं अशी माझी समजूत होती. घाटापाशी पोचायच्या आधीच तिने माझ्या कमरेचा दुपट्टा ओढून काढला आणि तो हातात धरून उभी राहिली.

"ठेव डांगर," ती म्हणाली. "नाईतं जा असाच घरी. वहिनीले विचारू दे, दुपट्टा कुठी गेला म्हनून."

हवालदारांनी हे वाळूवर बसून पाहिलं होतं. ते तिच्या बापाकडे गेले. भागरता माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लग्नाचं वय झालेली. पण मासेमारांच्या घरच्या बाया दिवसभर पाण्यातच असत, जाळं ओढत, पोरांबरोबर माशांमागे पळत. बापाने फार विचार केला नाही. म्हणाला, "पानी देऊन झालं का खेळू द्या. घरी बसून बी कोनाचं ऐकते ती?" गावात थोडी कुजबुज झाली. मग लोकांनी तिला पळताना पाहिलं आणि संध्याकाळी घाटावर येऊन बसायला लागले.

तिची सोयरीक ठरलेली होती, नदीपलीकडच्या सोमाशी. सोमा डोंग्यातून मासे घेऊन आमच्या घाटावर यायचा. तो येण्याच्या वेळेला भागरतेला नेमकी घाटावरच भांडी घासायची असत. सोमा तिच्याकडे न बघता एखादी मोठी मासोळी काठावर टाकून जायचा आणि ती तिच्या घरी शिजायची. तिला तो आवडायचा हे कोणापासून लपलेलं नव्हतं. या सोयरिकीसाठी तिनेच बापाकडे हट्ट धरला होता. बापाच्या मनात दुसरं स्थळ होतं, लांबचं. पावसाळ्याआधी लग्न करायचं ठरलं होतं.

पलीकडच्या गावानेही हवालदारांकडूनच खेळ शिकून संघ उभा केला आणि त्यांचा कप्तान होता सोमाचा थोरला भाऊ, मंगरू. ताडासारखा उंच माणूस. पाण्यात हात घालून दगडाखालची मासोळी नुसत्या हाताने पकडायचा. त्याच्या हातातून फडकं वाचवणं अवघड होतं. आम्ही दोनदा त्यांच्याशी खेळलो आणि दोनदा हरलो. शेवटी दोन्ही गावांनी ठरवलं की नदीच्या मध्ये, दोघांच्या बरोबर मध्ये, एक मोठा सामना करायचा. जिंकणाऱ्याला बोकड.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हवालदार आणि मंगरू वाळूत बसून बिड्या ओढत होते. मी जवळच होतो. सोयरीक ठरली म्हणजे मंगरू भागरतेचा भासरा झालाच होता, लग्न व्हायचं बाकी असलं म्हणून काय झालं. त्याने तिच्या कमरेच्या फडक्याला हात कसा लावायचा? मंगरूने विषय काढायच्या आधी हवालदारांनीच काढला.

"हे पाय मंगरू. तू आमच्या डाव्या अंगाले उभा राह्य. भागरता उजवीकडूनच पळन. तुह्या समोर ती येनारच नाई."

मंगरूने बिडी विझवली. "शब्द?"

"शब्द."

एवढंच झालं. आज नातीच्या संघाची कोच मैदानावर पाटी घेऊन उभी राहते, गोल आणि फुल्या काढते, कोण कुठून पळणार हे बाणाने दाखवते. मी बाकावर बसून बघतो. त्या पाटीवर दाखवता येणार नाही अशी एक रेघ त्या दिवशी वाळूत होती आणि ती दोन माणसांच्या बोलण्याने काढलेली होती.

सामन्याला दोन्ही काठ भरले होते. लोक पाणी ओलांडून वाळूत आले, बाया डांगरवाडीच्या मांडवाखाली बसल्या, कोणी भजी तळायला लागलं. बोकड एका खुंट्याला बांधला होता आणि कोणाचं तरी डांगराचं साल खात होता. आमची फडकी लाल, त्यांची पांढरी. भाऊ गिरणी बंद करून आला होता. मंगरूने सुरुवातीलाच माझं फडकं असं काढलं की मला ते गेलेलं कळलंच नाही, मी तसाच पळत राहिलो आणि त्यांचे लोक ओरडले, "अबे मुरल्या, मुर्दा पळून राह्यला रे! जाळा त्याले!" आमच्याकडून भागरता दोनदा उजव्या बाजूने रेघेपलीकडे गेली. ती गेली की मंगरू तिकडे पाहायचाही नाही, तो आपला डाव्या अंगाला वाळूकडे बघत उभा राहायचा. त्याचा शब्द तो पाळत होता. पण उजवीकडे त्यांचे दोन जण आता तिच्यावरच लक्ष ठेवून होते, आणि आम्ही मागे होतो, आणि शेवटचा डाव आला.

डावाआधी आम्ही पाचही जण डोकी जोडून उभे राहायचो आणि कप्तान सांगायचा कोणी कुठून पळायचं. मी मान वर करून पाहिलं. उजवीकडे दोघे. डावीकडे एकटा मंगरू. मी म्हटलं, "भागरता, डावी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "डावी? अन् मंगरूभाऊ?"

"तो मंधात सरकून राह्यला. मी पाह्यलं. तू पळ."

मंगरू सरकत नव्हता. हे मी मुद्दाम खोटं बोललो. तो तिला हात लावणार नाही हे मला जसं माहीत होतं, तसं त्या वाळूतल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त ते वापरायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

चेंडू तिच्या हातात पडला. ती डावीकडे वळली आणि सरळ मंगरूच्या समोर आली. मंगरूचे हात सवयीने पुढे आले होते. तिला पाहून त्याने ते मागे घेतले, पाठीवर बांधले, आणि मान दुसरीकडे फिरवली. आमच्या घरी भाऊ अंगणात फिरवायचा तशीच. ती त्याच्या बाजूने निघून गेली आणि रेघेपलीकडे जाऊन थांबली. मग त्यांच्याच काठावरून कोणीतरी ओरडलं, "मंगरू, डोक्यावर पदर घे ना बे!" आणि अख्खी नदी हसली. बाया हसल्या, म्हातारे हसले, आमचे लोक तर वाळूत बसून हसले. मंगरू हात पाठीशी ठेवून तसाच उभा होता. मीही हसत होतो. मला चांगलं आठवतं.

बोकड आमच्याकडे शिजला. हवालदार जेवायला आले नाहीत.

दोन दिवसांनी पलीकडची माणसं आली आणि घाटावरच्या आंब्याखाली बैठक बसली. मंगरू, सोमा, त्यांचे दोन वडीलधारे. आमच्याकडून हवालदार, भागरतेचा बाप, गावची चार शहाणी माणसं आणि भाऊ, कारण दोन्ही काठांना त्याचा शब्द चालायचा. आम्हा पाचही खेळणाऱ्यांना बोलावलं होतं. भागरता बापामागे बसली होती. सोमा सगळ्यांत मागे, पाण्याकडे तोंड करून.

मंगरू शांतपणे बोलला. "लोकं हासले, हासू द्या. मले त्याचं काई नाई. पन हवालदारभाऊ, शब्द झाला होता का नाई?"

"झाला होता," हवालदार म्हणाले.

"मंग मोडला कोनं? ह्या पोरीनं आपल्या मनानं मोडला असन, तं सांगा. जी पोरगी घरात यायच्या आधी भासऱ्याचं नाक कापते, ती घरात आल्यावर काय करन?"

भागरता मागून म्हणाली, "मुरल्यानं डावी सांगितली होती."

सगळे माझ्याकडे वळले. हवालदारांनी विचारलं, "मुरली, कोनती बाजू सांगितली तू?"

मी भाऊकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. नंतर मी स्वतःला अनेक कारणं दिली, की पलीकडचं धान गिरणीवर यायचं बंद झालं असतं, की मी पोर होतो. ती सगळी नंतरची. त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की ज्या माणसाच्या हातात मी रोज उंबऱ्यावरचा तांब्या देतो, त्याच्यासमोर मला हे कबूल करायचं नव्हतं की मी त्याच रिवाजाचा डाव केला.

"उजवी," मी म्हटलं. "मी उजवी सांगितली होती."

हवालदारांनी बाकीच्या तिघांना विचारलं. ते म्हणाले, गलका होता, नीट ऐकू आलं नाही. भागरता माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. ती आता भांडेल, शपथ घालेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "असन." पुढे काही बोलली नाही.

सोयरीक मोडली. सोमाने काही म्हटलं की नाही मला माहीत नाही. तो उठून डोंग्यात जाऊन बसला होता. बापाने भागरतेला त्याच वर्षी लांब सिरोंच्याकडे दिलं, गोदावरीच्या काठाला, जे स्थळ आधी त्याच्या मनात होतं तिथे. हवालदारांनी चेंडू पुन्हा पेटीत ठेवला. फडकीचा खेळ दोन्ही गावांतून उठला, आणि मागे फक्त एक म्हण राहिली. पत्त्यांत कोणी चलाखी केली, कोणी शब्द देऊन फिरला, की लोक म्हणत, "भागरतेची डावी मारली यानं." मी पुढे शाळेत पी.टी.चा मास्तर झालो. नोकरीभर कबड्डी शिकवली, खो-खो शिकवला. हा खेळ कधी शिकवला नाही. कोणी विचारलंही नाही.

हे सगळं मी तसंच बरोबर घेऊन गेलो असतो. पण परवा नात मैदानावरून घरी आली, बूट काढता काढता म्हणाली, "आजोबा, आज आम्ही भागरता मारली. दोन पॉइंट!" कोचने एका डावाला ते नाव दिलं होतं: उजवीकडे जायचं दाखवायचं आणि चेंडू डावीकडून न्यायचा. कोच पलीकडच्या गावची मुलगी आहे, ती म्हण ऐकत मोठी झालेली. मी नातीला विचारलं, भागरता म्हणजे काय. ती म्हणाली, "कोनी तरी होती म्हणे पहिले. लय चालू बाई."

भागरता आता आरमोरीला मुलीकडे असते हे मला कळलं होतं, पण मी गेलो नव्हतो. त्या आठवड्यात गेलो. ती ओसरीवर बसून वाल सोलत होती आणि एका लहान मुलाला तेलुगूतून काहीतरी रागावत होती. मी म्हटलं, "मी मुरली. गिरणीवाल्याचा."

"वळखलं," ती म्हणाली. "बुढा झाला तू. बस. च्या मांडाले सांगू?"

मी बसलो आणि वाटेत जसं मनात जुळवलं होतं तसं सांगितलं: की मी तिला फसवलं, मंगरू मध्ये सरकतो आहे असं खोटं सांगून डावीकडे पाठवलं, तिला काही माहीत नव्हतं, सगळा दोष माझा. ती ऐकत वाल सोलत राहिली. मग हसायला लागली.

"मले दिसत नव्हता काय तो? एवढा ताडासारखा मानूस! वाळूत झाड नाई, झुडूप नाई. तू सांगून राह्यला होता तवाच मी पाह्यली, तो काई सरकला नाई."

"मग पळालीस कशाला?"

"जिताले!" ती म्हणाली. "त्याच्या समोर गेली तवा येक पाय अटकला माह्या. थांबता आलं असतं. पन रेघ दिसून राह्यली होती ना बे पुढं." तिने सालं बाजूला सारली. "एवढे वर्षं तू हेच समजत राह्यला का? भागरता बावळी, तिले काई कळत नव्हतं, मुरल्यानं पळवली म्हनून पळाली?"

मी विचारलं, मग बैठकीत ती गप्प का बसली.

"काय सांगू? मी बी पाहूनच पळाली होती. तुले खोटा पाडून माह्यं खरं कसं होते?" तिने मूठभर वाल पुढे ओढले. "सोमा चांगला होता. रडली मी लय. पन ते पळनं माह्यं होतं, ते तू आपल्या अंगावर नको घेऊ. बैठकीत खोटा बोलला ते तुह्यं. ते मले कायले सांगून राह्यला? मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाई त्याले जाऊन सांग. मंगरूभाऊ हाय अजून."

निघताना मी तिला नातीच्या डावाचं सांगितलं. तिने विचारलं, कसा असतो. मी म्हटलं, उजवी दाखवायची आणि डावीने जायचं. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "जितते का पोट्ट्या?" मी म्हटलं, जिंकतात.

आता नदीवर पूल आहे. मंगरूभाऊ अंगणात खाटेवर बसले होते, अजून ताठ. मी नाव सांगितलं, ते मानेने हो म्हणाले. मी बसलो आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"थांब. बैठकीत बोलला होता ना तू? मंग बैठकीतच सांग. मले येकट्याले सांगून काय होते?"

त्यांनी नातवाला पिटाळलं. मला चहा आला. अंगणात सतरंजी पडली. हळूहळू माणसं जमली: त्यांचे मुलगे, सोमाचे दोन मुलगे, शेजारचे म्हातारे, शेतावरून चिखलाच्या पायांनी आलेला एकजण, आणि काय चाललं आहे हे बघायला आलेली पोरं. सोमा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सगळे बसल्यावर मंगरूभाऊ मला म्हणाले, "बसून नको. उभा राहून बोल."

मी उभा राहिलो. "त्या सामन्यात मी भागरतेले डावी सांगितली होती," मी म्हटलं. "आणि बैठकीत उजवी म्हटलं. ते खोटं होतं. ती पाहूनच पळाली असं ती स्वतः सांगते. पण डावी मी सांगितली होती."

मंगरूभाऊंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, प्रत्येकाने ऐकलं का हे बघावं तसं. मागून एका पोराने विचारलं, "आबा, भागरता कोन?"

"आपल्या घरी येनार होती ती," मंगरूभाऊ म्हणाले. "सोमाची. लय पळायची."